छपराचा कठडा व बाळाचे आसन

घरात बाळ येणार असे कळले की हल्ली ज्या गोष्टींची चर्चा सुरू होते, त्यांत मोटारीतल्या आसनाचा क्रम फार वरचा असतो. येथे इस्रायलमध्ये तान्ह्या बाळाच्या आसनाला 'सल-काल' म्हणतात. शब्दशः अर्थ 'हलकी टोपली'. कोणते घ्यावे, कितीला घ्यावे, नवे की वापरलेले, आजी-आजोबांनी द्यावे की आईबापांनी, आणि बाळ जन्मण्यापूर्वी ते घरात आणावे की नाही, ह्यांवरून घरोघरी वाद होतात. वरवर पाहता ही खरेदीची बाब आहे. परंतु थोडा विचार केला तर तिच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला दिसतो. तो असा: ज्या जिवाला स्वतःचे रक्षण करता येत नाही, त्याच्यासाठी आपण किती केले म्हणजे आपले कर्तव्य पुरे झाले?

ह्या प्रश्नाला आपल्या समाजात दोन उत्तरे ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "नशिबात असेल ते होईल. आम्ही मुले मांडीवर घेऊनच वाढवली." तरुण आईबाप म्हणतात, "बाळासाठी करावे तितके थोडेच. सर्वांत महाग असेल तेच घ्या." पहिल्या उत्तरात कर्तव्याला सुरुवातच नाही, आणि दुसऱ्यात त्याला शेवट नाही. माझ्या मते दोन्ही अपुरी आहेत, आणि ह्या दोहोंमधला मार्ग आपल्या तोराने फार पूर्वी घालून दिलेला आहे.

देवारीम म्हणजे अनुवाद ह्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात, घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने छपराला कठडा करावा, म्हणजे कोणी वरून पडून त्याच्या रक्ताचा दोष त्या घराला लागणार नाही, असा तिचा आशय. त्या काळची घरे धाब्याची असत. धाब्यावर माणसे बसत, निजत, धान्य व जवस वाळत घालीत. यरीहोच्या राहाबने हेरांना लपवले ते धाब्यावरच. अशा घरात छपराची कडा ही रोजची जागा होती, आणि रोजच्या जागेचे भय माणसाला वाटेनासे होते. म्हणून आज्ञा द्यावी लागली. मुंबईच्या चाळीत ज्यांचे बालपण गेले त्यांना गॅलरीच्या कठड्याचे महत्त्व सांगायला नको.

आता कोणी विचारील, छपराचा आणि मोटारीचा संबंध काय? संबंध अगदी जवळचा आहे, आणि तो दाखवण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. शिक्षकाची सवय म्हणून वाचकांनी चालवून घ्यावे.

उंचावरून पडणारी वस्तू जमिनीवर आदळते तेव्हा तिला काही एक वेग आलेला असतो. जितकी उंची अधिक, तितका वेग अधिक. उलट मोटारीचा वेग ठाऊक असेल तर ती टक्कर किती उंचीवरून पडण्यासारखी आहे हेही काढता येते. ताशी ५० किलोमीटर हा गावातल्या रस्त्याचा वेग घ्या. त्याची उंची येते सुमारे १० मीटर, म्हणजे तीन मजली इमारतीचे छप्पर. ताशी ९० किलोमीटरला ती होते सुमारे ३२ मीटर, म्हणजे दहा मजले. तेव्हा मोटारीत बसणारा प्रत्येक मनुष्य एका छपराच्या कडेवर बसलेला असतो. फरक इतकाच की ही कडा डोळ्यांना दिसत नाही. गाडीत गाणी चालू असतात, थंड हवा असते, बाळ झोपलेले असते. तीन मजल्यांची उंची कोणाच्या मनातही येत नाही.

हेच गणित आपल्या आजीच्या काळाला लावून पाहू. कोकणातल्या आपल्या गावांतून बैलगाडी चाले ती ताशी पाच किलोमीटरच्या आसपास. त्याची उंची येते १० सेंटिमीटर, म्हणजे बसायच्या पाटावरून घसरण्याइतकी. टांगा ताशी पंधरा किलोमीटर धावला तर ती होते सुमारे ९० सेंटिमीटर, म्हणजे उंच पलंगावरून पडण्याइतकी. तेव्हा बैलगाडीत बाळाला मांडीवर घेऊन बसणारी आजी निष्काळजी नव्हती. तिची मांडी हाच त्या उंचीला पुरेसा कठडा होता. आजीचे प्रेम कमी नव्हते आणि सुनेचे जास्त नाही. घराची उंची तेवढी वाढली आहे. हे समजून घेतले तर सासू-सुनांचे ह्या विषयावरचे निम्मे वाद मिटतील, कारण कोणालाही चुकीचे ठरवण्याची गरज उरत नाही. दहा मजल्यांच्या छपरावर मात्र पाटाचा हिशेब चालत नाही, हे आजीनेही मान्य करायला हवे.

"माझ्या हातातून बाळ कसे सुटेल?" हा आजीचा पुढचा प्रश्न. त्याचेही उत्तर गणितात आहे. साडेतीन किलोचे बाळ, ताशी ५० किलोमीटरचा वेग, आणि मोटार अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली असे धरा. त्या क्षणी बाळाला धरून ठेवायला जवळजवळ ७० किलोचे ओझे पेलण्याइतके बळ लागते, आणि तेही सूचना न मिळता, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. कोणत्याही आईच्या हातात ते नाही. हा समज केवळ आपल्याच घरांतला नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्याने १९७८ साली लहान मुलांसाठी मोटारीत सुरक्षित आसन सक्तीचे केले; त्या देशातला तो तसा पहिला कायदा. पण त्यातही एक सूट ठेवली होती की मोठ्या माणसाने मूल हातात धरले तर चालेल. कायदे करणाऱ्यांनाही मांडीचा मोह सुटला नव्हता. ती सूट १९८१ साली काढून टाकावी लागली.

आता नशिबाकडे वळू. आपल्या ज्ञानी लोकांनी हा प्रश्न टाळलेला नाही. तालमूदच्या शब्बाथ ह्या ग्रंथात, बत्तिसाव्या पानावर, कठड्याच्या ह्याच आज्ञेवर चर्चा आहे. ते म्हणतात, पडणाऱ्याचे पडणे सृष्टीच्या आरंभापासून ठरलेले असेलही. तरी ते तुझ्या छपरावरून का व्हावे? परमेश्वर शुभ गोष्टी पुण्यवानांच्या हातून घडवतो आणि अशुभ गोष्टी दोषी माणसांच्या हातून. ह्या उत्तरातली खोली पाहा. नशीब आहे की नाही, ह्या वादात ते शिरतच नाहीत. नशीब आहे असे मानले तरी तुझे कर्तव्य तसूभरही कमी होत नाही, एवढेच ते सांगतात. त्याच पानावर असेही सांगितले आहे की चमत्कार होईल ह्या भरवशावर मनुष्याने धोक्याच्या जागी उभे राहू नये. एलियाहू हनाबीवर आपली श्रद्धा आहे, त्याच्या नावाने आपण मलिदा करतो, प्रवास सुखरूप झाला म्हणून आभार मानतो. ते योग्यच आहे. परंतु आभार मानणे वेगळे आणि त्याच्यावर काम सोपवून आपण हात झाडणे वेगळे.

येथवर वाचून तरुण आईबाप म्हणतील, "पाहा, म्हणूनच आम्ही सर्वांत महाग आसन घेणार." त्यांना थोडे थांबवावेसे वाटते. रामबामने कठड्याचे नियम लिहिताना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, कठड्याची उंची दहा मुठींहून कमी नसावी. आजच्या मापात साधारण ८० ते ९५ सेंटिमीटर. दुसरी, तो इतका भक्कम असावा की मनुष्य त्यावर टेकला तरी पडू नये. बस्स. कठडा संगमरवरी असावा, शेजाऱ्याच्या कठड्याहून उंच असावा, असे कोठेही नाही. आपल्या धर्माने रक्षणाच्या कर्तव्याला माप दिले आहे, आणि हे माप म्हणजे मोठी दया आहे. माप नसेल तर गरीब बापाला कधीच समाधान मिळणार नाही, आणि दुकानदाराला मात्र नेहमी मिळेल.

बाजारात काहीशे शेकेलपासून काही हजार शेकेलपर्यंतची आसने मिळतात. आपल्या दिमोना, बेरशेवा, लोद, अश्दोदच्या घरांतून किती तरुण जोडपी घराचे हप्ते फेडीत संसार करतात हे आपण जाणतो. त्यांना दुकानात सांगितले जाते की बाळाच्या जिवाची किंमत करता येत नाही. वाक्य खरे आहे, पण त्याचा उपयोग खोटा आहे. जिवाची किंमत करता येत नाही म्हणूनच ती आसनाच्या किमतीवरून मोजता येत नाही. कायद्याने विकायला परवानगी असलेल्या प्रत्येक आसनाला ठरलेली कसोटी पार करावी लागते. युरोपची जुनी कसोटी आर ४४ आणि २०१३ साली आलेली आर १२९ ह्या नावांनी आसनावरच्या चिठ्ठीत दिसतात. नव्या कसोटीत बाजूने बसणाऱ्या धक्क्याचीही परीक्षा होते, आणि पंधरा महिन्यांपर्यंत बाळाचे तोंड मागे असणे सक्तीचे आहे. जर्मनीचा आडाक हा मोटार-क्लब निरनिराळ्या आसनांची स्वतः कसोटी घेऊन निकाल छापतो. त्यांत महाग आसन दरवेळी वर येतेच असे नाही. पुष्कळदा जादा पैसे कापडाला, हलकेपणाला व सोयीला जातात. सोय हवी असेल आणि परवडत असेल तर जरूर घ्यावी. परंतु तिला प्रेमाचे प्रमाणपत्र समजू नये, आणि ज्याला ती परवडत नाही त्याला कमी प्रेमळ समजू नये.

मग दहा मुठींचे माप येथे कोणते? माझ्या समजुतीप्रमाणे ते चार गोष्टींत सामावते. आसन मान्य कसोटीचे असावे. ते आपल्या बाळाच्या वजन-उंचीला व आपल्या मोटारीला बसणारे असावे. ते नीट बांधलेले असावे. आणि ते प्रत्येक वेळी वापरले जावे, मग कोपऱ्यावरच्या दुकानात का जायचे असेना. शेवटच्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, आणि नेमक्या त्यांतच लोक कमी पडतात. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून हेच दिसले आहे की उत्तम आसनेही पुष्कळदा चुकीची बांधलेली असतात. टेकल्यावर पडणारा कठडा कितीही देखणा असला तरी तो कठडा नव्हे. म्हणून आसन पट्ट्याजवळ धरून हलवून पाहावे. ते अडीच सेंटिमीटरहून अधिक हलता कामा नये. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता येऊ नये इतका घट्ट असावा. यरुशलेमच्या थंडीतही जाड कोट घालून पट्टा बांधू नये, कारण धक्क्याबरोबर कोट दबतो आणि पट्टा सैल पडतो. पट्टा बांधून वरून पांघरूण घालावे. आणि समोर हवेची उशी चालू असेल तर तान्ह्या बाळाचे मागे तोंड केलेले आसन पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये.

तोंड मागे का, हेही समजून घेण्यासारखे आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसाचे सुमारे आठवा. मानेची हाडे कोवळी असतात. तोंड पुढे असेल तर पट्टा धड धरून ठेवतो व जड डोके पुढे झेपावते. तोंड मागे असेल तर पाठ, मान व डोके एकाच वेळी आसनात दाबली जातात. स्वीडनचे बेर्टिल आल्डमान ह्यांना ही कल्पना अमेरिकन अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली, आणि १९६४ साली तिचा पहिला नमुना तपासला गेला. त्याच देशातील निल्स बोलिन ह्यांनी १९५९ साली तीन टोकांचा पट्टा बनवला, आणि त्यांच्या व्होल्वो कंपनीने त्याचे हक्क सर्व मोटार-कारखान्यांना खुले केले. स्वतःच्या घरापुरता कठडा न बांधता साऱ्या गावाला तो बांधू देणे, ह्याला मी मोठी मिट्स्वा समजतो.

आता वापरलेल्या आसनाचा प्रश्न. आपल्या समाजात पाळणा एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची रीत आहे. ज्या पाळण्यात चार भावंडे झोपली त्यात पाचवे निजवणे ह्यात काटकसर आहे आणि मायाही आहे. सल-कालचे मात्र तसे नाही. जे आसन एकदा मोठ्या टकरीत सापडले त्याच्या आत न दिसणारी भेग असू शकते, आणि त्याच्यावर वापराची मुदतही लिहिलेली असते. म्हणून येथे देणाऱ्यावर मोठी जबाबदारी येते. वाईक्रा एकोणीस, चौदा ह्या ठिकाणी आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्याची मनाई आहे, आणि आपले ज्ञानी लोक तिचा अर्थ असाही करतात की ज्याला माहिती नाही त्याला घातक वाटेला लावू नये. घेणारा ह्या बाबतीत आंधळा असतो. आसनाचा इतिहास त्याला दिसत नाही. भावाने बहिणीला आसन देताना संकोच न करता सांगावे की ते किती वर्षांचे आहे, टकरीत होते की नाही. घेणाऱ्यानेही विचारताना लाजू नये, आणि देणाऱ्याने त्यात अपमान मानू नये. इतिहास स्वच्छ असेल, मुदत उरली असेल, पट्टे व माहितीपुस्तक शाबूत असेल, तर असे आसन घेण्यात काहीच कमीपणा नाही. येथे गावोगावी गमाख चालतात, उसन्या वस्तू देणाऱ्या. आपल्या सिनेगॉगच्या महिला मंडळांनी असे एक कपाट व एक वही ठेवली, आणि प्रत्येक आसनाचा इतिहास त्या वहीत लिहिला, तर किती घरांचा खर्च व चिंता वाचेल!

बाळ जन्मण्याआधी वस्तू घरात आणू नयेत, दृष्ट लागते, असे पुष्कळ घरांत मानतात. केवळ आपल्यातच नव्हे, इतर यहुदी समाजांतही ही रीत आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या काळी किती तरी पाळणे रिकामे राहत, त्या काळच्या दुःखातून ती आली असावी. परंतु इस्पितळातून घरी येणे हाच बाळाचा पहिला प्रवास, आणि बेरीथसाठी सिनेगॉगला जाणे हा पुष्कळदा दुसरा. त्या पहिल्या दिवशी इस्पितळाच्या दाराशी गाडी उभी करून, मागे भोंगे वाजत असताना पट्टे शिकणे बरे नव्हे. येथील दुकानदार ही रीत जाणतात. आधी मोटार दुकानापाशी नेऊन आसन बसवून पाहावे, पट्टे बांधायला शिकावे, पैसे भरावे, आणि वस्तू दुकानातच ठेवून बाळ आल्यावर आणावी. रीतही राहते आणि कर्तव्यही होते. थोडा विचार केला तर जुन्या चालीचे व नव्या गरजेचे भांडण वाटते तितके मोठे नसते.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. एक कठडा उभारला की कधीकधी दुसरी कडा उघडी पडते. हवेच्या उशीमुळे बाळ मागच्या जागेवर गेले, तोंड मागे असल्याने आईबापांच्या नजरेआड झाले, आणि ते झोपले असता गाडीत विसरले जाण्याचा धोका वाढला. आपल्या उन्हाळ्यात बंद गाडी थोड्याच वेळात भट्टी होते. इस्रायलने २०२१ साली चार वर्षांखालील मुलांसाठी गाडीत विसर पडू नये म्हणून इशारा देणारे यंत्र सक्तीचे केले, ते ह्याच कारणाने. यंत्र असले तरी डाव्या पायातला बूट किंवा कामाची पिशवी मागे बाळाजवळ ठेवावी, म्हणजे मागचे दार उघडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. तसेच सल-काल हे प्रवासाचे आसन आहे, घरातले अंथरूण नव्हे. लहान बाळाची मान पुढे कलली तर श्वास अडू शकतो. घरी पोचल्यावर बाळाला सपाट जागी निजवावे, आणि लांबच्या प्रवासात मध्ये थांबून बाहेर काढावे.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. किती केले म्हणजे पुरे? तोराने रक्ताचा दोष कोणत्या घराला लावला, तर ज्याला कठडा नव्हता त्या घराला. ज्याने दहा मुठींचा भक्कम कठडा बांधला आणि तरीही काही घडले, त्याच्यावर दोष नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो. अपघात सर्व काळजी घेऊनही होतात, आणि अशा घरातल्या आईबापांना लोक विचारतात, "अमुक आसन का नव्हते घेतले?" असे विचारणारा मनुष्य तोराने दिलेल्या मापाला स्वतःचे माप जोडतो, आणि दुःखी माणसाच्या माथी परमेश्वरानेही न लावलेला दोष लावतो. आपल्या समाजात तरी तो प्रश्न कोणी विचारू नये.

मापापर्यंतचे काम आपले. त्यात आळस नको, आणि नशिबाची सबबही नको. मापाच्या पलीकडे प्रार्थनेची जागा आहे, तेथे चिंतेने रात्ररात्र जागण्याचे कारण नाही. पट्टा बांधावा, एकदा ओढून पाहावा, तेफिलाथ हदेरेख म्हणावी, आणि सावकाश गाडी चालवावी.

ज्यांच्या घरी नवे बाळ येऊ घातले आहे त्या सर्वांना मझल तोव. परमेश्वर त्यांच्या येण्याजाण्याचे रक्षण करो. आमेन.